डोक्यास लागलेला मार व त्यानंतरचा एक दिवस

डोक्यास मार लागला कीं आपल्या घरांतून पहिला प्रश्न विचारला जातो तो रक्ताविषयीं. रक्त आलें नाहीं असें दिसलें म्हणजे आईचा जीव भांड्यांत पडतो. टेंगळावर थंड पाण्याची घडी ठेविली जाते, आणि मूल पुन्हा खेळावयास धांवतें. बहुतेक प्रसंगीं हें ठीकच असतें. कवटी चांगली टणक असते, व खेळतांना बसलेले बहुतेक धक्के एक टेंगूळ आणि घटकाभर रडणें यांपलीकडे जात नाहींत. परंतु जे थोडे प्रसंग याहून निराळे असतात, तेही आरंभीं अगदीं इतरांसारखेच दिसतात, आणि ते ओळखण्यास बाहेरील रक्ताचा कांहीं उपयोग होत नाहीं.

आमची खराडी कांहीं दशकांपूर्वीं मुळामुठेच्या कांठचें शेतीवाडीचें गांव होतें. आज नगर रस्त्यावर दुचाक्यांची रीघ लागलेली असते, उंच इमारतींचे जिने मुलांच्या पायांखालीं असतात, आणि दोन इमारतींमधील बोळांत क्रिकेट चाललेलें असतें. (शिरस्त्राण डोक्याऐवजीं कोपरांत अडकविण्याची पुणेरी रीतही आमच्याकडे चांगलीच रुजली आहे!) तेव्हां हा विषय प्रत्येक घरच्या उपयोगाचा आहे.

धोका नेमका कशांत आहे हें प्रथम समजून घेऊं. कानशिलापाशीं कवटीचें हाड पातळ असतें व त्याच्या आंतल्या बाजूनें मेंदूच्या आवरणास रक्त पुरविणारी एक धमनी जाते. त्या जागीं हाडास भेग पडली तर ती धमनी फाटूं शकते. कवटी म्हणजे बंद पेटीच होय. आंत सांडलेल्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते, म्हणून तें मेंदूस दाबूं लागतें. हा दाब पुरेसा वाढेपर्यंत मनुष्य शुद्धीवर असूं शकतो. तो बोलतो, हसतो, क्वचित् जेवतोही. हा फसवा अवधि कांहीं मिनिटांचा असेल किंवा कांहीं तासांचा. मग डोकें वाढत्या प्रमाणांत दुखूं लागतें, ओकाऱ्या होतात, गुंगी येते. 'मघां तर चांगला होता' हे शब्द अशा वेळीं घरोघर ऐकूं येतात; आणि मघां चांगला असणें हेंच या विकाराचें लक्षण असूं शकतें, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

क्रिकेटच्या इतिहासांत याची दोन उदाहरणें आहेत. १९९८ च्या फेब्रुवारींत ढाका येथील एका क्लबाच्या सामन्यांत भारताचे कसोटीपटु रमण लांबा फलंदाजाच्या अगदीं जवळ, शिरस्त्राणावांचून, क्षेत्ररक्षण करीत होते. जोरानें मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते स्वतःच्या पायांनीं मैदानाबाहेर गेले. पुढें प्रकृति बिघडत गेली, शस्त्रक्रिया झाली, परंतु २३ फेब्रुवारीस त्यांचें निधन झालें. त्यांचें वय अवघें ३८ वर्षांचें होतें. दुसरें उदाहरण आम्हां पुणेकरांस अधिक जवळचें आहे. १९६२ च्या मार्च महिन्यांत बार्बाडोस येथें भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू बसला व कवटी भंगली. तांतडीनें शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांस रक्त देणाऱ्यांत पुण्याचे चंदू बोर्डे होते, आणि वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल हेही होते. कॉन्ट्रॅक्टर वांचले व पुढें प्रथम श्रेणीचे सामने खेळले. कसोटी सामना मात्र त्यांस पुन्हा खेळतां आला नाहीं. दोघांच्या दैवांतील अंतर केवळ वेळेचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण प्रत्येक मार निराळा असतो. परंतु आपल्या पायांनीं चालत गेला म्हणून मनुष्य सुखरूप आहे असें मानूं नये, एवढें पहिल्या उदाहरणावरून स्पष्ट होतें.

आतां कोणत्या प्रसंगीं विलंब न लावितां रुग्णालय गांठावें? मार लागतांच क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, किंवा 'मी कसा पडलों' हें मुलास आठवत नसेल, तर बाह्य जखम नसली तरी जावें. एकाहून अधिक वेळां ओकारी होणें, डोकेदुखी कमी होण्याऐवजीं वाढत जाणें, उठवूनही नीट जागें न होणें, असंबद्ध बोलणें, जीभ जड होणें, एका हातांत वा पायांत बळ न राहणें, आंचके येणें, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणें, नाकांतून वा कानांतून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणें, यांपैकीं एकही चिन्ह पुरेसें आहे. तान्हें मूल आपलें दुःख सांगूं शकत नाहीं. तें सारखें रडत असेल, दूध घेत नसेल, किंवा त्याच्या डोक्यावर मऊ फुगवटा आला असेल, तर त्यास दाखवावेंच. वाहनाची धडक अथवा उंचावरून पडणें हें स्वतःच डॉक्टरांकडे जाण्याचें कारण होय. सी. टी. स्कॅन करावें किंवा नाहीं हें त्यांस ठरवूं द्यावें. प्रत्येक टेंगळास तें लागत नाहीं.

येथें पालकांस एक विनंति आहे. पुष्कळ मुलें रागें भरतील या भीतीनें पडल्याचें लपवितात, आणि सायंकाळीं 'डोकें दुखतें' एवढेंच सांगून निजतात. अशा वेळीं आधीं रागावूं नये. कोठें पडलास, केव्हां, डोकें कशावर आपटलें, मध्यें कांहीं आठवेनासें झालें काय, हें शांतपणें विचारावें. डॉक्टरही प्रथम हेंच विचारणार आहेत.

मार लागलेल्यास झोंपूं देऊं नये असा एक समज आहे. वरील चिन्हें नसतील तर झोंप घेण्यास हरकत नाहीं. मात्र पहिल्या रात्रीं मोठ्या माणसानें जवळ निजावें, आणि डॉक्टरांनीं सांगितलें असल्यास मधून उठवून पाहावें. बेशुद्धास कांदा हुंगविणें किंवा त्याच्या तोंडांत पाणी ओतणें मात्र घातक आहे. पाणी श्वासनलिकेंत जातें. त्यास ओढूं-उचलूं नये, मानेस हिसका बसूं देऊं नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रस्त्यावरील जखमीस मदत करण्यास लोक पोलिसांच्या भयानें कचरतात. परंतु २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें अशा मदतगारास संरक्षण दिलें आहे.

आजीआजोबांची गोष्ट निराळी आहे. उतारवयांत कवटीखालीं रक्त फार सावकाश सांचूं शकतें. न्हाणीघरांत घसरून पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं त्यांची चाल अडखळूं लागली, स्मरण ढळूं लागलें, तर तें वयाचें म्हणून सोडून देऊं नये. जे रक्त पातळ करणारें औषध घेतात, त्यांस तर साधा मार लागला तरी त्याच दिवशीं दाखवावें.

राहतां राहिला खेळाडु विद्यार्थी. डोक्यास धक्का बसून गरगरूं लागलें, तर त्यानें त्या दिवशीं मैदानावर परत जाऊं नये, मग सामना कितीही रंगांत आलेला असो. पहिला धक्का पुरता निवला नसतांना दुसरा बसणें अधिक भयंकर असतें. पुढील एक-दोन दिवस विश्रांति घ्यावी, मग वाचन व शाळा हळूहळू सुरू करावी, आणि डोकेदुखी पूर्ण थांबून डॉक्टरांची अनुज्ञा मिळाल्यावरच बॅट हातीं घ्यावी.