मधुमेह आणि माळकऱ्याचे मन

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवून "तुमची शुगर निघाली बरं का" एवढे म्हटले, की माळकऱ्याच्या मनात पहिला विचार औषधाचा येत नाही. आता एकादशीचे काय, काल्याचे काय, आणि आषाढीला पायी जाता येईल की नाही, हे तीन प्रश्न एकदम उभे राहतात. दवाखान्यात ते विचारायचा धीर होत नाही. घरची मंडळी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवतात, आणि हा माणूस ते प्रश्न उरात घेऊन एकटाच फिरतो. पथ्याचे कागद पुष्कळ मिळतात. येथे त्या प्रश्नांचा विचार करू.

पहिले काही दिवस कोणी खरे मानीत नाही. "मला ना ताप, ना चक्कर; रानात दिवसभर राबतो, मला कसला रोग?" हे म्हणणे स्वाभाविकच आहे, कारण आरंभी हा रोग दुखत नाही. पण उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक आली आणि पुन्हा तपासूनही तसेच निघाले, तर अंगाला कळो न कळो, रोग आहे.

मग राग येतो, आणि रागामागून शरम. कोणत्या जन्मीचे पाप हे, असे आतून टोचू लागते. सुश्रुताने फार पूर्वीच प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: एक जन्मतःच आलेला, दुसरा अपथ्याने जडलेला. म्हणजे सगळा दोष जिभेवर टाकण्याची रीत त्यालाही मान्य नव्हती. अलीकडे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला. आपली मुले वजनाने लहान जन्मली तरी त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते, असे त्यांना आढळले. काटकुळ्या शेतकऱ्यालाही शुगर का निघते, याचा थोडा उलगडा यातून होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे. एवढ्या सगळ्यांनी मिळून पाप केले म्हणावे काय?

खरे दुखणे पंगतीत कळते. वाढपी बुंदी घेऊन येतो आणि शेजारचा मोठ्याने ओरडतो, "अहो, त्यांना नको, त्यांना शुगर आहे!" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण चारचौघांत पानावरून हात फिरवल्यासारखे होते. ज्या पंगतीत लहानथोर भेद मानीत नाहीत, तिथेच आपण वेगळे पडलो असे वाटते. पुढच्या वेळी तो माणूस रोग लपवतो. वाढले ते खातो, दिंडीत गोळ्या पिशवीतून बाहेरच काढीत नाही. बायांचे तर विचारूच नका. "माझ्या एकटीसाठी वेगळं कोण करील?" म्हणून त्या कुणाला सांगतच नाहीत. माझ्या मते साखरेइतकाच हा लपवालपवीचा घात मोठा आहे. घरच्यांनी चौकी-पहारा करू नये. त्यापेक्षा सगळ्यांच्याच ताटात भाकरी-भात थोडा कमी आणि पालेभाजी, डाळ, उसळ जास्त वाढावी. म्हणजे कुणी एकटा पडत नाही. काल्याचा घास हातावर आला तर घ्यावा. चिमूटभर प्रसादाने रोग बळावत नाही; बळावतो तो प्रसादाच्या नावाखाली खाल्लेल्या पाच पेढ्यांनी.

आता एकादशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने साखर भराभर चढते. उलट गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निर्जळी राहिले, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून व्रत धरण्यापूर्वी डॉक्टरांस स्पष्ट विचारावे, आणि लाजू नये. आजारी माणसाला उपवासात सूट देण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. एकादशी फराळाच्या ताटापुरती नसते. हरिकीर्तन आणि जागर कुणी डॉक्टर बंद करीत नाही.

इन्सुलिन सांगितले की "आता संपलं" असे पुष्कळांस वाटते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचले. त्याआधी अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर काही दिवस जगवण्यापलीकडे उपाय नव्हता. तो मुलगा पुढे १३ वर्षे जगला. तेव्हा सुई ही शेवटची घंटा नव्हे.

मात्र दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भजनात मन बसत नाही, जगून काय करायचे असे विचार येतात, तर ते मनाचे दुबळेपण समजू नये. मधुमेहाबरोबर अशी खिन्नता पुष्कळांस येते, आणि तिलाही औषध आहे. डॉक्टरांस सांगावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा फोन २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

राहिली वारी. चालणे या रोगात हिताचेच आहे, म्हणून डॉक्टर बहुधा जा म्हणतात. पण तयारीने जा म्हणतात. पायाची जाणीव कमी झाली असेल तर अनवाणी चालण्याचा नेम सोडावा, कारण खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. मुक्कामाला रोज तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसेल तर सोबत्याकडून पाहून घ्यावेत. निघण्यापूर्वी विणेकऱ्याला आणि शेजारी चालणाऱ्याला आपला रोग सांगून ठेवावा. वाटेत एकाएकी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसली तर साखर उतरली समजावे. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. पाव तासात बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे. साखरेची पुडी कमरेच्या पिशवीत असू द्यावी, आणि ती कोणत्या कप्प्यात आहे हे शेजारच्या टाळकऱ्याला ठाऊक असावे.