शिंपल्यातला चुना

मालवण

चि. बायस,


बारावीनंतर कुंभारकाम शिकायचं म्हणतेस आणि कारण देतेस निसर्गाच्या ओढीचं. कारण खरं आहे. ही ओढ आता मातीच्या पोटात शिरली पाहिजे.

तारकर्लीला वेचतेस ते शिंपलेच घे. त्यांचा तांदळाएवढा कण मातीत राहिला, तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भाजलेलं भांडं बाहेर आलं की तो हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि चांगल्या माठाचा टवका उडवतो. खाडीकाठच्या मातीतलं मीठ भांडं वाळताना पांढरं होऊन वर येतं. जांभ्याच्या सड्यावरून वाहून आलेल्या मातीत लोह असतं, म्हणून ती भाजल्यावर लाल होते. हवा कोंडून धुरात भाजली, तर तीच काळी पडते. ज्या मुलीची नजर लहानपणापासून वाळूत आणि चिखलात रमली, तिला हे लवकर उमगतं.

जपानचे कुंभार शोजी हामादा माशिको या गावी राहिले. तिथलीच माती, झिलईलाही तिथलेच दगड आणि राख. १९५५ साली जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ मानलं.

पोटाचं काय, असं आई विचारेल. तिला ब्रह्मदेव राम पंडितांचं सांग. बिहारच्या कुंभार घरातला हा माणूस मुंबईकडे आला, भाईंदरला त्याने भट्टी मांडली आणि २०१३ साली त्याला पद्मश्री मिळाली. आपल्याकडेही चतुर्थीआधी घरोघरचे पाट मूर्तीसाठी गणपतीच्या शाळेत जातात. तिथल्या मूर्तिकारांचे हात मातीवरच चालतात.

मालवणच्या वेशीवरच्या कुंभारमाठ गावाच्या तर नावातच कुंभार आहे.

तेव्हा यंदा आषाढात गणपतीच्या शाळेत माती मळायला बस. मळ्यातली, तळ्याकाठची, खाडीकाठची अशी पाच ठिकाणची ओंजळ-ओंजळ माती आण, पण मालकाला विचारून. प्रत्येकीची पट्टी थाप, ओली असतानाच तिच्यावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढ, सावलीत वाळव, कुंभाराच्या भट्टीत भाजून घे. रेघ नऊ सेंटिमीटर भरली, तर माती दहा टक्के आकसली. जागा, तारीख, रंग, आकसणं, तडा, सगळं वहीत लिही.

मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात सिरॅमिकचं शिक्षण मिळतं. तिथे जाशील तेव्हा ही वही बरोबर असू दे.

तुझा,
मामा