स्तनाची घनता : उपचारानंतरच्या क्ष-किरण चित्रांचे वाचन

गेल्या वर्षी माझी मावशी काचीगुड्याहून एक मोठे पाकीट घेऊन आमच्या घरी आली. तिच्या उजव्या स्तनातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली होती आणि किरणोपचार संपून सात महिने झाले होते. नव्या अहवालात ‘डाव्यापेक्षा उजव्या बाजूची घनता अधिक’ असे लिहिले होते. “तू कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतोस ना? मग सांग, पुन्हा उद्भवलं का रे?” असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. तिच्या डॉक्टरांनी ते दिले. त्यानंतर मी या विषयाचा जो अभ्यास केला तो विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात आणि नळीवर साधारणतः 25 ते 35 किलोव्होल्टचा दाब ठेवून कमी ऊर्जेचे क्ष-किरण त्यातून सोडतात. मेद हे किरण फारसे अडवीत नाही, म्हणून तो चित्रात काळसर दिसतो. ग्रंथी व तंतुमय भाग ते अधिक अडवितात, म्हणून पांढरे दिसतात. या पांढऱ्या भागाचे प्रमाण म्हणजे घनता. हाताला स्तन मऊ लागतो की कठीण, यावरून ती ठरत नाही.

अडचण अशी की गाठही पांढरीच दिसते. घन स्तनात ती दाट धुक्यातल्या बगळ्यासारखी लपते. शिवाय घनता हे स्वतःच रोगाचा धोका वाढविणारे एक कारण आहे. हा संबंध अमेरिकेतील डॉ. जॉन वुल्फ यांनी 1976 साली मांडला. आज घनतेच्या ए, बी, सी, डी अशा चार श्रेणी मानतात. सी व डी या घन होत. नजरेने ठरविलेल्या श्रेणीत दोन तज्ज्ञांचे एकमत होतेच असे नाही. म्हणून आता संगणकानेही घनता मोजतात. तरुण वयात घनता सामान्यतः अधिक असते, आणि भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर आढळतो. आपल्याकडे हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

आता मावशीच्या प्रश्नाकडे वळू. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांमुळे स्तनात सूज येते, त्वचा जाड होते, व्रण उरतो. हे सारे चित्रात पांढरे उमटते. सुमारे सहा महिन्यांच्या सुमारास हा बदल सर्वांत ठळक असतो आणि पुढे दोन-तीन वर्षांत बहुधा ओसरतो. म्हणून उपचार झालेल्या बाजूवरून मूळ घनता ठरवू नये. ती दुसऱ्या, निरोगी स्तनावरून पाहावी. मात्र ओसरलेली घनता पुन्हा चढू लागली, तर तिची तपासणी झालीच पाहिजे. थोडक्यात, एका चित्रापेक्षा बदलाची दिशा अधिक बोलते.

औषधांचाही परिणाम होतो. टॅमॉक्सिफेनमुळे अनेकींची घनता कमी होते. धोका अधिक असलेल्या, परंतु रोग न झालेल्या स्त्रियांवरील एका ब्रिटिश अभ्यासात (2011) असे दिसले की, टॅमॉक्सिफेन घेऊन ज्यांची घनता दहा टक्के किंवा अधिक उतरली, त्यांचा धोका 63 टक्क्यांनी घटला. परंतु घनता उतरली नाही म्हणून कोणी आपल्या मनाने औषध सोडू नये.

दिशा कळण्यासाठी जुनी चित्रे हवीत. मावशीने शस्त्रक्रियेपूर्वीची चित्रे दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देण्यासाठी बाजूला काढली होती. सुदैवाने ती माळ्यावरच राहिली होती. डॉक्टरांनी जुनी-नवी चित्रे शेजारी-शेजारी लावली आणि उजवीकडील पांढरेपणा किरणोपचारांचा असल्याचे तिला दाखविले. यंदाच्या चित्रात तो कमी झाला आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्या घरी अशी पाकिटे असतील तर त्यांवर तारखा घालून ती जपून ठेवा आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी सोबत न्या. अहवालातील एका शब्दाने घाबरू नका, आणि त्याकडे दुर्लक्षही करू नका. त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारा.