बेलूरच्या खोलीवर राहणाऱ्या भाच्यास

चि. बाळूस,


धारवाडजवळ बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि जवळच चौघांनी मिळून खोली घेतली, हे ताईकडून कळले. फार आनंद झाला. धारवाडची थंडी तुला नवी नाही, पण रात्रपाळी करून पहाटे खोलीवर परतल्यावर ती अंगात शिरते. अशा वेळी कुणीतरी कोळशाची शेगडी आत घ्यायची गोष्ट काढील. तेव्हा तू ठामपणे नाही म्हणावेस, म्हणून हे पत्र.

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या बेळगावात, अमन नगरात, थंडी वाजते म्हणून तरुण पोरांनी खोलीत कोळसा पेटवला आणि तिथेच झोपली. त्यांतली तिघे पुन्हा उठली नाहीत. तुझ्याच वयाची होती रे. २०२० च्या जानेवारीत नेपाळात दामनला केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत गॅसचा हीटर लावून निजले आणि दगावले. त्यांत चार लहान मुले होती.

धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि तीच जीव घेते. लाल फुललेला निखारा धूर देत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळतात, म्हणून गळती कळते. इथे नाकाचा काही उपयोग नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरते. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. माणसाला वाटते, रात्रपाळीचा शीण आहे, आणि तो आडवा होतो. झोपलेल्याला तर तेवढीही सूचना मिळत नाही.

खिडकी किलकिली ठेवू, असे कुणी म्हणेल. त्यावर विसंबू नकोस. निजायच्या खोलीत कोळसा नको म्हणजे नकोच. वीज गेली म्हणून जनरेटरही आत किंवा खिडकीखाली लावू देऊ नका.

मोरीत गॅस गीझर आहे का, तेही बघ; त्यातूनही हाच वायू सुटू शकतो. असला तर तो बाहेर हलवायला घरमालकाला सांग. तोवर दार उघडे ठेवून बादली भर, गीझर बंद कर, आतली हवा जाऊ दे आणि मगच आंघोळीला जा. स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीची ज्योत निळी हवी. पिवळी दिसू लागली की दुरुस्तीवाल्याला बोलाव.

दोघातिघांचे एकदम डोके दुखू लागले, तर आधी सगळे बाहेर पडा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी चांगला आकडा दाखवून फसवते. डॉक्टरांना कोळसा किंवा गीझर चालू होता हे आधी सांगा. उपचार प्राणवायूचाच, आणि तो लवकर मिळायला हवा.

दोन जाड रग पाठवते आहे. खोलीतल्या मुलांना हे सगळे आजच सांग, कन्नड बोलणाऱ्यांना कन्नडमध्ये सांग.

तुझी,
मावशी