त्वचेवाटें औषध

ज्या घरांत आजी किंवा आजोबा आहेत, त्या घरांत गुडघेदुखीची तक्रार बहुधा ऐकूं येतेच. डॉक्टर गोळ्या देतात आणि बजावतात कीं, "उपाशीपोटीं घेऊं नका." दुखणें गुडघ्याचें, मग जपावयाचें पोटाला कां, असा प्रश्न तुमच्यापैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. तो प्रश्न रास्त आहे, आणि आजच्या विषयाचें मूळ त्याच्याच उत्तरांत आहे.

शरीराच्या एखाद्या भागास इजा झाली कीं तेथें लाली, सूज, उष्णता व वेदना हीं चार चिन्हें दिसतात. रोमन ग्रंथकार सेल्सस यानें तीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच नोंदून ठेविलीं आहेत. या अवस्थेस दाह म्हणतात. ॲस्पिरिनसारखीं औषधें शरीरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होऊं देत नाहींत व म्हणून दाह शमतो, असें जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७१ सालीं दाखविलें. पुढें १९८२ चें नोबेल पारितोषिक त्यांस अन्य दोघां शास्त्रज्ञांसमवेत मिळालें. परंतु याच द्रव्यांपैकीं कांहीं द्रव्यें जठराच्या अस्तराचें अम्लापासून रक्षण करीत असतात. गोळी पोटांतून रक्तांत आणि रक्तांतून सर्वांगांत जाते; गुडघ्याचा दाह शमवितांना ती जठराचें कवचही काढून घेते. दीर्घकाळ अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या जठरांत व्रण होतात, प्रसंगीं रक्तस्रावही होतो, तो यामुळेंच.

मग औषध गुडघ्यावरच कां लावूं नये? लावतात. डायक्लोफेनॅकचें मलम एका गुडघ्यास दिवसांतून चार वेळां लावलें असतां, गोळीनें रक्तांत जितकें औषध जातें त्याचा सुमारें सतरावा हिस्साच जातो, असें मोजणींत आढळलें आहे. जठराच्या दृष्टीनें हें उत्तम झालें. अडचण आहे ती त्वचेची; कारण जें औषध रक्तांत शिरत नाहीं, त्यांतील बरेंचसें गुडघ्यांतही शिरत नाहीं, तें वरच्यावरच राहतें.

त्वचेचा अगदीं बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकी. परंतु पावसांत तासभर भिजलों तरी पाणी आंत शिरत नाहीं, तें याच थराच्या कृपेनें. चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मध्यें स्निग्ध द्रव्याचा चुना भरलेला, अशी ही भिंत आहे. मेंदीचा रंग याच थरांत बसतो. तळहातावर हा थर जाड, म्हणून तेथें मेंदी गडद रंगते. आणि थर झडत जातो तसतशी ती फिकी होते. लग्नघरांतील मुलींस हें शास्त्र पुस्तकावांचूनही ठाऊक असतें! औषधाचीही गत पुष्कळदां मेंदीसारखीच होते. तें थरांत अडकतें आणि थराबरोबर झडून जातें. ज्या रेणूचा भार ५०० डाल्टनपेक्षां अधिक, तो या भिंतींतून सहसा जात नाहीं. डायक्लोफेनॅकचा रेणुभार सुमारें २९६ व आयबुप्रोफेनचा २०६, म्हणजे हीं औषधें त्या मर्यादेच्या आंत आहेत. परंतु नुसता लहानपणा पुरत नाहीं. चुन्यांतून जावयास औषध स्निग्ध द्रव्यांत विरघळलें पाहिजे आणि पलीकडील सजीव थरांत पाण्यांतही. दोन्ही गुण एका ठायीं क्वचितच असतात.

यावर शास्त्रज्ञांनीं योजिलेला एक उपाय म्हणजे नॅनोकण. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी सुमारें ऐशीं हजार नॅनोमीटर भरते, आणि हे कण बहुधा कांहीं दशकांपासून कांहीं शतकांपर्यंत नॅनोमीटर व्यासाचे असतात. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत ॲलेक बँगहॅम यांनीं स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म पोकळ पिशव्यांचा, म्हणजे लायपोसोमांचा शोध लाविला. १९८० सालीं कॅनडांत मेझेई व त्यांच्या सहकाऱ्यानें ट्रायॲम्सिनोलोन हें दाहशामक औषध अशा पिशव्यांत भरून सशांच्या त्वचेस लाविलें. साध्या लेपाच्या मानानें त्वचेच्या थरांत चार ते पांच पट औषध सांपडलें, आणि आंतील अवयवांत मात्र कमी. हवें तेथें अधिक, नको तेथें कमी! पुढें १९९० नंतर घन स्निग्ध द्रव्याचे कण निघाले. त्यांचा पातळ पापुद्रा त्वचेवर बसतो, आंतील ओलावा उडूं देत नाहीं, आणि ओलाव्यानें विटांमधील चुना कांहींसा सैल होतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण "नॅनो" हा शब्द आतां जाहिरातींतही शिरला आहे. कण इतका बारीक, म्हणून तो त्वचा भेदून थेट सांध्यांत जातो, असें पुष्कळांस वाटतें. तसें सहसा घडत नाहीं. उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमांत टायटॅनियम डायऑक्साइडचे असेच बारीक कण असतात. ते निरोगी त्वचेच्या वरच्या थरांतच राहिलेले आढळतात. कण हा हमालासारखा आहे. ओझें दारापर्यंत आणून उतरवावयाचें. आंत जावयाचें तें औषधानें, एकेका रेणूच्या रूपानें.

मात्र या भिंतीला एक चोरवाट आहे. ती म्हणजे केसांचीं मुळें. बर्लिन येथील लाडेमान व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुमारें ३२० नॅनोमीटरचे कण केसांच्या मुळांपाशीं दहा दिवसांपर्यंत टिकले. कणरूप नसलेलें द्रव्य चार दिवसच टिकलें. डुकराच्या त्वचेवर त्यांनीं असेंही पाहिलें कीं, लेप नुसता लावून ठेवण्यापेक्षां चोळला असतां कण पुष्कळ खोल जातात. केंस मागेंपुढें हलतो आणि कणांस खालीं ढकलतो. आजी तेल चोळून चोळून जिरवावयास सांगते, तेव्हां तिला ही कारणमीमांसा ठाऊक नसते, पण हाताला ती ठाऊक असावी असें वाटतें. मात्र जखमेवर किंवा सोललेल्या त्वचेवर अशीं मलमें चोळूं नयेत. तेथें भिंतच नसते, आणि मग औषध किती आंत जाईल याचा हिशेब राहत नाहीं.