हात-पाय हलवणारी बाहुली

पोळ्याला आपण मातीचे बैल करतो. पाय, शिंगं, वशिंड, सारं एकाच गोळ्यातून ओढून काढतो. म्हणून मातीचा बैल उभा तो उभाच. त्याला बसता येत नाही. गेल्या पोळ्याला आमच्या नातीनं विचारलं, "आबा, मातीची बाहुली बसती होईल का?" नाशिकच्या शाळांत आम्ही जन्मभर पोरं शिकवली, पण उत्तर लगेच सुचलं नाही.

उत्तर मात्र फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं १९६८ सालापासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी, शीर नसलेली देवीची मूर्ती आणि बैल सापडला. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घातली की देवी बैलावर बसे. दोन तुकडे आणि मध्ये काडी, सांधा तो हाच.

आपल्याकडे हलत्या बाहुल्या लाकडाच्याही होतात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत दोऱ्यांवर कळसूत्री बाहुल्या नाचवतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आम्ही बाहुलीसाठी पॉलिमर माती आणली. नाव माती, पण ती माती नव्हे. पाण्याचे नळ ज्या पी. व्ही. सी. प्लास्टिकचे असतात त्याचीच भुकटी, आणि तिला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य. ही उघडी ठेवली तरी वाळत नाही. तापवली म्हणजे घट्ट होते. किती तापवायची ते पाकिटावर छापलेलं असतं, बहुधा ११० ते १३० अंश.

आणि इथंच आम्ही चुकलो. जन्मभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलं, पण ते पाकीट वाचलं नाही. विजेची भट्टी अंदाजानं तापवली. बाहुलीचा हात काळा पडला, घरभर धूर झाला, डोळे चुरचुरले, नात खोकू लागली. तिला उचलून आधी अंगणात नेलं, भट्टी बंद केली, मग दारं-खिडक्या उघडल्या. पी. व्ही. सी. करपलं की विषारी वायू निघतो. म्हणून चुलीवर किंवा निखाऱ्यावर ही माती कधी भाजू नये. ज्या भट्टीत खाण्याचं करता तिच्यातही नको. अंश मोजता येतील अशी वेगळी लहान भट्टी हवी. तुम्हाला आता वाचता येतं, तेव्हा पाकीट दुकानदाराकडून ऐकू नका, स्वतः वाचा.

दुसऱ्या खेपेला असं केलं. तुकडे सहा: डोकं, धड, दोन हात, दोन पाय. माती आधी हातात चांगली मळली. हात-पायांच्या वरच्या टोकाला गोटी केली आणि कच्च्यातच छत्रीच्या काडीनं आरपार भोक पाडलं.  हात, पाय आणि डोकं आधी भाजून गार केलं. मग कच्च्या धडाला खांद्याशी व कमरेशी त्या गोट्या जराशी पावडर लावून दाबल्या आणि काढून घेतल्या. वाट्या उमटल्या, गोटी तिच्यात नेमकी बसते. कुंभारमातीला ही युक्ती चालायची नाही, कारण ती वाळताना आकसते.

धडाला तीन भोकं पाडली: खांद्यात आडवं, कमरेत आडवं, मानेपासून खालपर्यंत उभं. धड भाजून गार झालं, की इलॅस्टिकची दोरी ओवायची. एक दोन्ही हातांतून, एक दोन्ही पायांतून, एक डोक्यातून. ओढून गाठ मारली. सैल राहिली तर पाय लोंबतो, फार ताणली तर हलत नाही. आम्हाला तीनदा सोडावी लागली.

बाहुली बसली. एक पाय जरा लांब झाला आहे, पण नातीला त्याचं काही नाही. गाठी आणि गोट्या लहान असतात, तुटल्या तर तान्ही पोरं तोंडात घालतात, म्हणून बाहुली फळीवर ठेवतो. दोरी कालांतरानं ढिली पडते. तेव्हा गाठ कापून नवी ओवावी.