पीककर्ज आणि नापिकीचें वर्ष

मृग निघण्यापूर्वीं आपल्या जिल्ह्यांतील कोणत्याही सोसायटीच्या ओट्यावर घटकाभर बसावें. बहुतेक खातेदारांचें बोलणें यंदा हेक्टरीं किती रक्कम मिळणार, एवढ्यापुरतेंच असतें. गतसालीं पीक हातचें गेलें, त्या कर्जाचें काय करावयाचें, हा प्रश्न क्वचितच निघतो. आणि निघालाच तर "माफी येईल तेव्हां पाहूं" असें म्हणून मंडळी उठतात. पाऊस ज्या जिल्ह्यास वारंवार फसवितो, त्या बीडमध्यें हाच प्रश्न पहिला असावयास पाहिजे. पीककर्जाची योजना ज्यांनीं मांडली, त्या अर्थशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचें उत्तर पूर्वींच देऊन ठेविलें आहे, तें वाचकांनीं समजून घ्यावें.

पूर्वीं कर्ज मिळे तें जमिनीच्या तारणावर. ज्याची जमीन थोडी त्याची पतही थोडी, मग त्याचें पीक कितीही उत्तम असो. मुंबई प्रांतिक सहकारी बँकेची धुरा तीन दशकांहून अधिक काळ वाहणारे वैकुंठभाई मेहता आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे 1930 पासूनचे संचालक धनंजयराव गाडगीळ या दोघांनीं या रीतीस विरोध केला. कर्ज उभ्या पिकाच्या खर्चाकडे पाहून द्यावें, तें पेरणीच्या वेळीं हातीं पडावें, व माल विकला जाईल तेथेंच त्याची वसुली व्हावी, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील शेती-वित्त समितीचा अहवाल 1945 सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळीं आपला जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. येथील रुपयासुद्धां निराळा. शंभर कलदार रुपयांस हाली शिक्क्याचे 116 रुपये 10 आणे 8 पै मोजावे लागत. 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, तेव्हां कोठें त्या राज्याची पीककर्जाची पद्धति येथें येण्यास वाट मिळाली.

वसुली विक्रीशीं जोडण्याचें तत्त्व उसाच्या मुलखांत रुजलें. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 सालीं सुरू झाला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. ऊस कारखान्याखेरीज फारसा कोठें जात नाहीं, म्हणून कारखान्यानें बिलांतून सोसायटीची रक्कम कापून दिली कीं हिशेब मिटला. कापसाचें तसें नाहीं. 1972 सालीं राज्यानें कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली, तींतही कर्जाची कपात होती. परंतु कपात टळावी म्हणून दुसऱ्याच्या नांवावर माल घालणारे किंवा खाजगी व्यापाऱ्याकडे वळणारे थोडे नव्हते. हा दोष सर्वस्वीं शेतकऱ्याचा, असें मीं म्हणणार नाहीं. हप्त्याचे पैसे उशिरा येत, आणि घरांत लग्न उभें असतां रोकड देणारा व्यापारीच जवळचा वाटतो. तथापि सोसायटीचें चाक तेथें अडलें, हें खरें.

आतां मुख्य मुद्दा. पीकच आलें नाहीं तर विक्री कोठली आणि वसुली कशाची? रिझर्व्ह बँकेनें 1951-52 सालीं ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी करविली. तिच्या संचालन समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला, व गाडगीळ हे सभासद. शेतकऱ्यांच्या दर शंभर रुपये कर्जांत सोसायट्यांचा वांटा केवळ 3 रुपयांच्या आसपास व सावकारांचा सुमारें 70, असें तींत दिसून आलें. या समितीच्या शिफारशींवरून 1956 सालीं रिझर्व्ह बँकेंत एक स्थैर्यनिधि स्थापन झाला. दुष्काळांत पीककर्जाची फेड अशक्य झाल्यास तें मध्यम मुदतीचें करून द्यावें, आणि त्यामुळें अडकणारा बँकेचा पैसा या निधींतून भरून निघावा, हा त्याचा हेतु. म्हणजे मुदत वाढविणें ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो पीककर्जाच्या रचनेचाच भाग आहे. 1982 सालीं हें काम नाबार्डकडे गेलें.

रिझर्व्ह बँकेनें 2015 सालीं या सवलतीची मर्यादा सैल केली. पूर्वीं निम्मे पीक बुडावें लागे. तेव्हांपासून 33 टक्के हानि पुरेशी ठरली. हानि 33 ते 50 टक्के असल्यास फेडीस दोन वर्षांपर्यंत, व 50 टक्के किंवा अधिक असल्यास पांच वर्षांपर्यंत मुदत, आणि दोहोंतही पहिलें वर्ष हप्त्यावांचून, असें त्यांत ठरलें.

याचा व्यवहारांतील फरक पाहूं. समजा, एका खातेदाराचें गतसालचें कर्ज थकलें व त्यास यंदाच्या पेऱ्यास 80,000 रुपये हवे आहेत. जुनें कर्ज रूपांतरित झालें असेल तर तो थकबाकीदार नव्हे, व सोसायटीचें दार त्यास उघडें राहतें. शेंकडा 7 दरानें आठ महिन्यांचें व्याज सुमारें 3,733 रुपये. रूपांतर झालें नसेल तर तो सावकाराकडे जाणार. महिन्यास शेंकडा 3 दरानें आठ महिन्यांचे 19,200 होतात. मधले साडेपंधरा हजार रुपये एका बैलाचे नसले तरी बियाणें-खताचे खास आहेत.

रूपांतर केलें तर माफी बुडेल, अशीही एक समजूत गांवोगांव आहे. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले योजनेंत पुनर्गठित होऊन थकलेलीं पीककर्जेंही धरलीं होतीं. पुढची माफी केव्हां व कोणत्या अटींवर येईल हें कोणासच सांगतां येत नाहीं. पेऱ्याचे दिवस मात्र ठरलेले असतात.

रूपांतर आपोआप होत नाहीं. त्यास खातेदाराची संमति लागते. पीक जातांच पंचनामा झाला कीं नाहीं, त्यांत आपला गट आला कीं नाहीं, हें तलाठ्याकडे जाऊन पाहावें. डिसेंबरांत अंतिम पैसेवारी जाहीर होते, ती आपल्या गांवची किती लागली तें टिपून ठेवावें. मग सोसायटीस अथवा बँकेस कर्जाच्या मुदतवाढीचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि हें सर्व फेडीची तारीख उलटण्यापूर्वीं करावें. तोंडी विनंतीची नोंद कोणत्याही वहींत नसते.